ओढा हवं तेवढं, गाठ मारू नका

कार्बन फायबरची एक काळी, चपटी पट्टी घ्या. बारा हजार तंतू एकत्र धरून केलेली. मीटरभर पट्टीचं वजन एक ग्रॅमही नाही, आणि तिचा छेद अर्धा चौरस मिलिमीटरही भरत नाही. दोन्ही टोकं नीट पकडून तिला सरळ रेषेत ओढलं, तर हिशेबानं ती दीडशे किलोच्या वर ताण सोसते. म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं तिला लोंबकळू शकतील. आता याच पट्टीला साधी गाठ मारा आणि आवळा. कट्! हातातल्या हातात तुटते.

दोन माणसांना दाद न देणारी वस्तू गाठीला का हरते? कार्बनच्या सायकलीचं बळ, तिचं दुखणं आणि तिची निगा, तिन्ही गोष्टी या प्रश्नाच्या उत्तरात आहेत.

मी हे पालीत बसून लिहितो आहे. रत्नागिरी तालुक्यातलं, मुंबई–गोवा महामार्गावरचं हे गाव. इथल्या तिठ्यावरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो आणि नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी रत्नागिरीकडून येणारे सायकलवाले चहाला थांबतात, तेव्हा त्यांच्या सायकलींमध्ये आता एखाददुसरी कार्बनची दिसते. उचलून पाहा, मन थक्क होतं. हे साहित्य वापरून सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या, की शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये असा नियमच आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला २००० साली करावा लागला.

आणि या नाजूक दिसणाऱ्या वस्तूपुढे कोकण काय काय वाढून ठेवतं! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खारा वारा, जांभ्याचा लाल चिखल, घाटाचे उतार. कुणी म्हणतं, कार्बन म्हणजे काच, आज ना उद्या फुटणार. कुणी म्हणतं, कार्बनला काही होतच नाही. खरं काय, हे कळायला आधी तो तंतू जन्मतो कसा ते पाहू या. ती गोष्ट बांबूपासून सुरू होते.

थॉमस एडिसनला १८७९ साली दिव्यासाठी अशी तार हवी होती, जी पांढरीशुभ्र तापेल पण वितळणार नाही. त्यानं आधी सुती दोरा हवाबंद भाजून त्याचा कोळसा केला. मग १८८० साली जपानी बांबूच्या काड्या तशाच भाजल्या, आणि त्या हजार तासांच्या वर जळत राहिल्या. बांबूच्या आकाराचा, पण निव्वळ कार्बनचा तंतू! पुढे टंगस्टनची तार आली आणि कार्बनचा तंतू मागे पडला.

१९५८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन हा तरुण शास्त्रज्ञ वेगळ्याच कामात होता. प्रचंड तापमानाला आणि दाबाला कार्बन कसा वागतो, हे तो विजेच्या ठिणगीत तपासत होता. तिथे त्याला ग्रॅफाइटच्या अतिबारीक सुया वाढलेल्या दिसल्या. ओढून पाहिल्या, तर त्यांचं बळ पोलादाच्या कितीतरी पट भरलं. पण अशा सुया किलोकिलोनं कशा करायच्या? वाट सापडली ती जपानमध्ये. ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाचा धागा भाजून चांगला कार्बन तंतू मिळवला. नाव अवघड वाटलं तरी वस्तू घरातली आहे: स्वेटरची ॲक्रिलिक लोकर याच कुळातली.

मग १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो इथल्या विमान संशोधन केंद्रात वॉट, फिलिप्स आणि जॉन्सन यांच्या लक्षात एक युक्ती आली. धागा भाजताना आकसू पाहतो. त्याला आकसू द्यायचं नाही, ताणून धरायचं. बस, एवढंच! ताणाखाली भाजला, की आतले रेणू लांबीच्या दिशेनं ओळीत राहतात आणि बळ कमालीचं वाढतं.

आज कारखान्यात हेच चालतं. पांढरा धागा दोनशे ते तीनशे अंश सेल्सियसच्या भट्टीतून ताणून नेतात. तो आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा होतो. त्यानंतर हजार अंशांच्या वर तापलेल्या दुसऱ्या भट्टीतून. इतक्या धगीत तो जळून राख का होत नाही? कारण तिथे ऑक्सिजनच नसतो, असतो फक्त नायट्रोजन. जळायला सोबती न मिळाल्यानं कार्बन मागे राहतो. हायड्रोजन, नायट्रोजन आणि इतर मंडळी वायू होऊन निघून जातात. वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. उरतो तो पाच ते सात मायक्रॉन जाडीचा तंतू, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

इतका बारीक कशाला? जाड काढला असता तर चाललं नसतं का? याचं उत्तर त्याच फार्नबरोमध्ये चाळीस वर्षं आधी सापडलं होतं. १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ काचेचे धागे ओढून तोडत होता. धागा जितका बारीक, तितकं दर चौरस मिलिमीटरमागे त्याचं बळ जास्त, असं त्याला आढळलं. वस्तू तुटते ती तिच्यातल्या सूक्ष्म चिरांमुळे. बारीक धाग्यात मोठी चीर मावतच नाही! इतका साधा विचार, आणि आजचं विमान त्यावर उडतं.

सायकलीच्या एका फ्रेममध्ये असा तंतू किती असेल? किलोभर वजनाच्या फ्रेममध्ये सहाशे ग्रॅमच्या आसपास तंतू धरा, बाकीचं तंतूंना चिकटवून धरणारं रेझिन. सात मायक्रॉन जाडी आणि कार्बनची घनता घेऊन गुणाकार केला, तर लांबी भरते जवळजवळ नऊ हजार किलोमीटर. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे अंतर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ साली ट्रान्स-सायबेरियन शर्यतीत सायकलवरून कापलं. ते नऊ हजार शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे अख्खा सायबेरिया पार करेल एवढा तंतू दोन चाकांच्या मधल्या सांगाड्यात गुंडाळलेला!

पण नुसता तंतू म्हणजे लोंबणारी पट्टी. त्याला उभं करतं ते इपॉक्सी रेझिन. इथे कोकणातल्या माणसाला फार समजावावं लागत नाही, कारण बांबू त्यानं फोडलेला असतो. कोयत्याचा घाव उभा घातला, की बांबू सरसर चिरत जातो. आडवा तोडायला मात्र घाम निघतो. ओझं लांबीच्या दिशेनं आलं तर बांबू घर पेलतो. बांबूतही उभे चिवट तंतू आहेत आणि त्यांना एकत्र धरणारा भराव आहे. कार्बनचा थरही अगदी तसाच. तंतूच्या दिशेनं ओढलं तर पोलादाहून बळकट, आडवं ओढलं तर सगळा भार रेझिनवर, आणि रेझिन त्यामानानं दुबळं.

मग सायकल बनवणारा काय करतो? जे बांबूला जमत नाही ते. थर वेगवेगळ्या दिशांना लावतो. एक नळीच्या लांबीनं, दोन पंचेचाळीस अंशांत तिरके, एखादा आडवा. पायडल मारताना फ्रेमला पीळ बसतो, तो तिरके थर झेलतात. स्वाराचं वजन नळी वाकवू पाहतं, ते उभे थर अडवतात. एका फ्रेमसाठी शेकडो तुकडे कापले जातात, आणि ते साच्यात हातानं, ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात बसवले जातात. आत फुगा फुगवून दाब देतात, साचा तापवतात, रेझिन कायमचं घट्ट होतं. आपण जिला एकसंध काळी नळी समजतो, ती प्रत्यक्षात दिशांचा काटेकोर हिशेब असते. धातूला दिशा नसते. पोलाद कुठल्याही दिशेनं ओढा, त्याचं बळ जवळजवळ तेच. कार्बनच्या नळीला दिशा असते, आणि ती सायकल बनवणाऱ्यानं आधी विचार करून दिलेली असते. ज्या दिशेच्या ओझ्याचा त्यानं विचार केला, तिथे ही नळी अचाट आहे. ज्या दिशेचा केला नाही, तिथे मात्र तिची गाठीतली पट्टी होते: गाठीत तंतू सरळ रेषेत ओढला जात नाही, मोडला जातो. निगा राखायची म्हणजे दुसरं काही नाही, या अनपेक्षित दिशेपासून तिला वाचवायचं.

आधी अपेक्षित दिशेची कमाल पाहू. धातू थकतो. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे प्रत्येकानं केलेलं आहे. १९५४ साली कॉमेट विमानं आकाशात फुटली, ती धातूच्या याच थकव्यानं. ॲल्युमिनियमची फ्रेम कितीही जपली तरी प्रत्येक हिसक्यासरशी तिचं आयुष्य कणभर खर्च होत असतं. कार्बनच्या नळीत एखादी सूक्ष्म चीर निघालीच, तर तिला पुढे जायला तंतू ओलांडावा लागतो. तंतू आणि रेझिनच्या सीमेवर ती वळते, पसरते, दम सोडते. पुढचा तंतू तोडायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तंतू ठिसूळ, घट्ट झालेलं रेझिनही ठिसूळ, आणि दोघांच्या संसारातून निघतं ते चिवटपण! दोन ठिसूळ गोष्टींमधून ते येतं कुठून? सीमेतून. याहून सुंदर गोष्ट मला तरी या सगळ्या शास्त्रात दिसत नाही.

सायकलीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फ्रेमवर शंभर किलोच्या वर बलानं पायडल दाबण्याची क्रिया एक लाख वेळा करतात. खऱ्या आयुष्यात काय होतं? नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या गटात ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत संपवली. पॅसिफिकपासून अटलांटिकपर्यंत, सुमारे चार हजार आठशे किलोमीटर. मिनिटाला ऐंशी फेरे आणि दिवसाला वीस तास धरले, तर पायडलचे फेरे दहा लाखांच्या वर जातात. अशा शर्यतींत आज कार्बनच्याच सायकली सर्रास दिसतात. १९८६ साली ग्रेग लेमाँड यांनी कार्बनच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून हा विश्वास वाढतच गेला. चालवून चालवून कार्बन सहसा थकत नाही. पडला नाही, चेपला नाही, भाजला नाही, तर फ्रेम मालकाच्या उमेदीपेक्षा जास्त टिकते.

आता कोकण. पावसाचं काय? तंतूला पाण्याचं सोयरसुतक नाही, गंज हा प्रकारच त्याला ठाऊक नाही. इपॉक्सी कणभर ओल शोषतं, पण त्यानं फारसं काही बिघडत नाही. पाणी साठतं ते फ्रेमच्या पोटात. सीटपोस्टच्या, म्हणजे सीट पेलणाऱ्या दांड्याच्या, फटीतून आत गेलेलं पाणी तळाशी, पायडलच्या बेअरिंगांपाशी उतरतं. पावसाळ्यात फेरी मारून आलात, की सीटपोस्ट काढा आणि सायकल उलटी करून निथळू द्या. तळाला पाणी जाण्यासाठी भोक असेल, तर ते चिखलानं बुजलेलं नाही ना, तेवढं पाहा.

उन्हानं तंतूला काही होत नाही, रेझिन मात्र हळूहळू पिवळं आणि खडबडीत होतं. म्हणूनच वरचा पारदर्शक लेप असतो. त्याचा टवका उडाला तर नेलपॉलिशचा थेंब लावून ती जागा झाका. रंग काढायचं द्रावण मात्र फ्रेमच्या जवळही आणू नका; ते रंगावर थांबत नाही, रेझिनलाही खातं. धुवायला साबणाचं पाणी आणि फडकं पुरेसं.

खरी गंमत खाऱ्या हवेची आहे. टॉर्चचा जुना सेल फोडून पाहिलाय? मधोमध कार्बनची काळी कांडी, भोवती जस्ताचा डबा, मध्ये ओलसर क्षार. सेल संपतो तेव्हा जस्त खाऊन खाऊन भोकं पडलेली असतात, कार्बनची कांडी मात्र जशीच्या तशी. आता आपल्या सायकलकडे पाहा. कार्बनची फ्रेम, तिच्यात खुपसलेला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, आणि मध्ये घामाचं किंवा समुद्रावरच्या वाऱ्याचं खारं पाणी. सेलच तयार झाला! कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यात खाऱ्या पाण्यात जवळजवळ एक व्होल्टचा फरक असतो. कार्बन वीज वाहतो, त्यामुळे मंडल पूर्ण होतं, आणि बळी जातो ॲल्युमिनियमचा. त्याची पांढरी भुकटी होते, ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, आणि सीटपोस्ट आतच असा अडकतो की दोघांनी ओढला तरी निघत नाही. पाण्याच्या बाटलीचा पिंजरा धरणारे बारके नट, चाकाच्या स्पोकचे निपल, सगळे याच वाटेनं जातात. गंजलेलं दिसतं ॲल्युमिनियम, पण गंजवणारा असतो त्याच्या शेजारी शांत बसलेला कार्बन.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर विचारलंत तर बोटवाला यावरचा उपाय लगेच सांगेल: तो बोटीच्या पंख्यापाशी जस्ताचा ठोकळा लावतो, म्हणजे समुद्र आधी जस्त खातो आणि पंखा वाचतो. विमानवाल्यांनी निराळी वाट काढली. बोइंग ७८७ च्या वजनातला निम्मा वाटा अशा तंतूंच्या साहित्याचा आहे, आणि जिथे कार्बनला धातू टेकतो तिथे बऱ्याच ठिकाणी त्यांनी ॲल्युमिनियमऐवजी महागडं टायटॅनियम वापरलं, कारण त्याचं कार्बनशी भांडण होत नाही. सायकलीचे चांगले कारखाने दोघांच्या मध्ये काचेच्या तंतूंचा पातळ थर घालतात. काच वीज वाहत नाही, खटला तिथेच मिटतो. आपण काय करायचं? सीटपोस्ट पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढायचा, गोड्या पाण्याच्या फडक्यानं दोन्हीकडचा खार पुसायचा, कोरडं करायचं आणि कार्बन पेस्ट लावून परत बसवायचं. रत्नागिरीत, गणपतीपुळ्यात, किनाऱ्यावर कुठेही राहणाऱ्यानं हे काम चेनला तेल घालण्याइतकंच नेमानं करावं.

ही पेस्ट म्हणजेही एक नवल. ग्रीस घसरतं करतं, ही पेस्ट खरखरीत करते. तिच्यात बारीक कण असतात, ते दोन गुळगुळीत पृष्ठभागांना पकड देतात. पकड आली की बोल्ट कमी आवळून भागतं. आणि बोल्ट कमी आवळणं हा कार्बनच्या निगेतला फार मोठा भाग आहे. का? नळीच्या लांबीनं येणाऱ्या ओझ्याचा हिशेब झाला होता. चारी बाजूंनी चिरडणाऱ्या पकडीचा थोडाच झाला होता. नळीची भिंत कित्येकदा मिलिमीटरभरच असते. हँडल धरणाऱ्या स्टेमवर, सीटच्या पकडीवर आकडा छापलेला असतो, बहुधा चार ते सहा न्यूटन-मीटर. पाच न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटीमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाला पाच किलो टांगल्याएवढा जोर. आपला हात सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट लावून जातो, आणि लावलेला कळतही नाही. पोलादाच्या सायकलीवर घडलेल्या मेकॅनिकचा हात तर ‘घट्ट’ म्हणजे ‘आणखी जागा नाही तिथपर्यंत’ असंच शिकलेला असतो. टॉर्क रेंच घ्या. ठरलेल्या जोराला तो टक् करतो, तिथे थांबायचं. कार्बनच्या सायकलीवर एवढा खर्च करणाऱ्यानं हा पाना आधी घ्यावा, महागडे बूट नंतर.

याच कारणानं कार्बनच्या सायकलीच्या दांडीवर पोराला बसवायचं नाही. हो, लहानपणी आपण सगळेच वडिलांच्या सायकलीच्या दांडीवर बसून हिंडलो. पण ती दांडी पोलादाची होती. कार्बनची दांडी स्वाराचा भार दोन टोकांमधून वाहते; मध्यावर वरून येणारं बूड तिच्या हिशेबातच नसतं. दुरुस्तीच्या स्टँडला लावतानाही दांडीला पकडायचं नाही, सीटपोस्टला पकडायचं. आणि गाडीच्या टपावर सायकल टाकून दोरीनं करकचून आवळणार असाल, तर चाकांना आणि सीटपोस्टला बांधा, नळ्यांना नको.

सगळ्यांत फसवा असतो तो बाजूनं बसलेला टोला. सायकल गडग्याला टेकवून ठेवली, वाऱ्यानं घसरली, जांभ्याच्या चिऱ्याचा कोपरा दांडीला लागला. पोलादाला पोचा आला असता, दिसला असता. कार्बन क्षणभर दबतो आणि परत मूळ आकारात येतो. वरून काहीच दिसत नाही. पण दबताना आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. विमानाच्या जगात याला जेमतेम दिसणारी इजा म्हणतात, आणि तिची धास्ती तिथे मोठी असते. ती शोधायला त्यांच्याकडे अल्ट्रासाऊंडची यंत्रं आहेत, तरी जोडीला एक जुनी युक्ती अजूनही चालते: टकटक करून ऐकणं! तुम्हीही करा. एक नाणं घ्या आणि नळीवर हलकेच वाजवत सरका. धड जागा खणखणीत, स्वच्छ बोलते. सुटलेल्या थरांची जागा बद्द बोलते, कारण तिथे आवाजाला पुढे न्यायला सलग वस्तूच नाही. सांध्यांपाशी भिंत जाड असते, तिथला आवाज मुळातच वेगळा असतो. म्हणून डावीकडची नळी उजवीकडच्या नळीशी ताडून पाहा. कापसाचा बोळाही फिरवा. तुटलेला तंतू कापूस धरून ठेवतो. शंका राहिलीच तर सायकल चालवू नका, जाणकाराला दाखवा. धातू वाकून सूचना देतो. कार्बन सूचना न देता तुटू शकतो, ही त्याची उणीव आपण स्वीकारूनच त्यावर बसायचं.

लाल चिखलाचीही एक करामत आहे. जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडं भरपूर, आणि सोनार-काचवाले चकाकी आणायला वापरतात ती तांबडी पूड लोहाच्या ऑक्साइडचीच असते. म्हणजे रत्नागिरीच्या चिखलात घासायचं साहित्य आधीच मिसळलेलं आहे! फ्रेमला बांधलेल्या पिशवीचा पट्टा आणि नळी यांच्यात हा चिखल शिरला, की प्रत्येक हिसक्याला थोडं थोडं घासलं जातं; लेप जातो, मग रेझिन, मग तंतू. मागच्या चाकाजवळची नळी आणि टायर यांच्यात चिखल अडकला तरी तेच. पट्ट्यांखाली, केबल जिथे टेकते तिथे, पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा. पन्नासेक रुपयांची वस्तू दोन-तीन लाखांच्या फ्रेमला वाचवते.

आणि घाट. तुम्ही आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरा. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना उंचीत चारशे मीटर खाली आलात असं माना. त्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात एक लिटर पाणी उकळीला येईल. थोडी हवा घेऊन जाते. वळणावळणांवर वेग आवरायचा तर बाकीची ब्रेकमध्येच जाते. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ती सगळी धग कार्बनच्या रिमवर. ॲल्युमिनियम उष्णता झटकन पसरवून वाऱ्यावर सोडतं. कार्बनच्या थरांमधून आडवी उष्णता फार हळू जाते, म्हणून ती पृष्ठभागावरच साचते. घट्ट झालेलं इपॉक्सी पुन्हा कधी वितळत नाही, पण एका ठरावीक तापमानाला, साधारण सव्वाशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान, ते कडकपणा सोडून रबरासारखं मऊ पडतं. आत टायरच्या हवेचा दाब बाहेर रेटतच असतो. मऊ पडलेली कड फाकते आणि थर सुटतात. उपाय हातात आहे: ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, वारा लागू द्या. कार्बन रिमसाठी बनवलेलेच पॅड वापरा. डिस्क ब्रेक असतील तर धग पोलादी चकतीवर जाते आणि रिमला तिचा पत्ताही लागत नाही; घाटवाटा उतरणाऱ्यानं तेच निवडावेत असं माझं ठाम मत आहे.

एवढं करूनही फ्रेमला भेग गेलीच तर? ती दुरुस्त होते! मिरकरवाड्याला फायबरच्या होड्या सांधताना पाहिल्यात तर तत्त्व कळेल: फुटलेल्या जागेवर नुसतं ठिगळ मारत नाहीत, भोवतालचा भाग उतरता घासून घेतात, म्हणजे नवा थर जुन्या थरावर लांबवर टेकतो. फ्रेम दुरुस्त करणाराही असंच घासत जातो. फरक असा, की घासताना एकेक थर उघडा पडतो तेव्हा त्याची दिशा वाचायची असते आणि नवा तुकडा त्याच कोनात बसवायचा असतो. होडीवाल्याकडे मात्र हे काम देऊ नका. होडीत बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं, आणि ते घट्ट झालेल्या इपॉक्सीला नीट चिकटत नाही.

पुढचं चाक धरणारा फोर्क, हँडलबार आणि स्टेम मात्र दुरुस्त करायचे नाहीत. ते तुटले तर माणूस तोंडावर पडतो. जोरात आपटले असतील तर बदलायचे, आणि जुना भाग दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून करवतीनं दोन तुकडे करून टाकायचे. कापताना पाणी मारत राहा आणि तोंडाला मास्क लावा, कारण ती काळी धूळ छातीत जायला नको. कापलेल्या तोंडावरून बोट फिरवू नका, कुसळं रुततात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ते तोंड घासा आणि भिंग लावून उजेडात धरा. मिलिमीटरभर भिंतीत एकावर एक बसवलेले थर दिसतील. काही गडद, काही चमकणारे. गडद थरातले तंतू तुमच्याकडे टोक करून उभे आहेत, चमकणाऱ्या थरातले आडवे पडले आहेत.